खोबरेल तेल वरून की कार्ब्सऐवजी?

या चर्चेत वर कुणीतरी लो-कार्ब (कमी पिष्ट-साखरेचा आहार) सुरू केल्यावर सकाळी उपाशीपोटी दोन मोठे चमचे खोबरेल तेल प्यायला सुचवलंय. मीही हा पराक्रम केलाय. तासाभरात पोट असं ढवळलं की विचारू नका! मग अर्ध्या चमच्यावर आले, तेही जेवणातून, तेव्हा कुठे सोसलं.

एका मोठ्या चमच्यात साधारण १२० कॅलरी असतात. कार्ब्स तसेच ठेवून वरून तेल ओतलं तर वजन कसं उतरणार? आणि ‘एमसीटी’चं (झटपट ऊर्जा देते म्हणतात ती मध्यम साखळीची चरबी) कौतुक जरा जपून. खोबरेलात जवळपास निम्मं, तितकी झटपट ऊर्जा न देणारं लॉरिक अ‍ॅसिडच असतं. झटपट ऊर्जा देणारी कॅप्रिलिक, कॅप्रिक ही मेदाम्लं त्यामानाने थोडीच. एलडीएल (‘वाईट’ कोलेस्टेरॉल)ही वाढू शकतं, म्हणून माझा भर अक्रोड, बदाम, ऑलिव्ह तेलावर. खोबरेल फक्त चवीपुरतं.