जंगलातला खडीचा रस्ता: साधी हॅचबॅक नेऊ का?

पायवाट: नमस्कार मंडळी. ट्रेक सुरू होतो तिथपर्यंतचा शेवटचा दहा-बारा किलोमीटरचा रस्ता जंगलातून आहे, सगळा खडीचा. जाऊन आलेले सगळे 'सोपा आहे' म्हणतात. माझी साधी हॅचबॅक आहे आणि सोबत आई-बाबा असतील. गाडी न्यावी की अलीकडेच लावून चालावं?

रानवेडा: खुशाल न्या. मी अशा रस्त्यांवर कायम साधीच गाडी चालवतो. फोर बाय फोर (चारही चाकांना जोर मिळणारी गाडी) लागते ती चिखलात किंवा मोठ्या दगडांवर. सोप्या रस्त्यावर घात होतो तो वेगाने. सुरुवातीला खडी छान दबलेली असते, हात सैल पडतो, आणि नेमकं वळणावर सुटी खडी येते. ब्रेक वळणाच्या आधी, गाडी सरळ असतानाच मारा. वळणात फक्त स्टिअरिंग. एबीएसवर भिस्त ठेवू नका. चाक लॉक झालं तर त्याच्यापुढे खडी साचून गाडी अडते. एबीएस चाक लॉकच होऊ देत नाही, म्हणून सुट्या खडीवर गाडी आणखी लांब जाऊन थांबते.

रस्त्यावर आडव्या बारीक लाटाही लागतील. चाकं उड्या मारत गेल्यानेच त्या तयार होतात. 'जोरात नेली की हादरे कमी बसतात' असं कोणी सांगेल, आणि ते खरंही आहे. पण हादरे कमी बसतात ते चाक जमिनीला कमी टेकतं म्हणून, आणि तेवढीच पकडही जाते. आई-बाबा बसलेत, वीस-पंचविसाने चला.

रस्त्याखालून पाणी जायची मोरी असते, तिच्यापाशी मात्र खाली उतरून बघाच. पावसाने कडेची माती वाहून गेलेली असते आणि वरची खडी जशीच्या तशी दिसते. उतारावर दुसरा गिअर.

पायवाट: खूप आभार. टायरमधली हवा कमी करायची का?

स्टेपनी: मी करतो, ३३ पीएसआयची २८. हादरे बरेच कमी होतात. पण सोबत छोटा पंप असतो. डांबरी रस्त्याला लागलो की आधी हवा भरायची, मगच वेग.

रानवेडा: एवढ्या अंतरासाठी मी हात लावणार नाही. त्यापेक्षा निघताना स्टेपनीतली हवा बघा, जॅक आणि पाना आहे ना तेही.

पायवाट: आणि दोन चाकोऱ्यांमधला उंचवटा? गाडी भरलेली असेल.

रानवेडा: चेंबर, म्हणजे इंजिनाखालचं ऑइलचं भांडं, घासतो तो तिथेच. उंचवटा वर आलेला दिसला की चाकोरी सोडा. एक चाक उंचवट्यावर, दुसरं कडेला. कड भुसभुशीत असेल तर आई-बाबांना तेवढ्यापुरतं उतरवा, गाडी लगेच वर उचलते.

स्टेपनी: एक राहिलं. वर गाडी वाळक्या गवतावर लावू नका. गाडीखालचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर स्वच्छ करणारा सायलेन्सरच्या नळीतला भाग) इतका तापलेला असतो की गवत पेट घेऊ शकतं. मोकळी माती बघा आणि तोंड परतीच्या दिशेला करूनच लावा. संध्याकाळी अंधारात, दमलेल्या पायांनी रिव्हर्स घेत बसावं लागत नाही.