मदत हवी आहे: शोभेचा रॉकेलचा दिवा, काच सारखी काळी होतेय

अधीर_मन
जुना पितळी टेबलावरचा दिवा हाती लागलाय. खाली फुलदाणीसारखा भाग, वर दुधी काचेचा गोळा, आत उभी काच. पेटवला की थोड्याच वेळात काच काळीकुट्ट. वात खाली घेतली तर नुसता मिणमिणतो, वर घेतली की धूर. नवी वात घातली, काच दोनदा धुतली. घरात सगळे खोकतायत. शनिवारच्या आत लावायचाय. व्हिडिओ बघून झालेत, तो सल्ला नको.

कंदीलवेडा
वात चपटी की गोल? तेल कोणतं? काच मूळची की नंतर आणलेली? बर्नरचा जवळून फोटो टाका.

अधीर_मन
तेल दिव्याचंच आहे हो. काच नीट बसते. फोटो चढत नाहीये. बाजूला चावी आहे, तिने वात वरखाली होते. आणखी काय सांगू?

रात्रपाळी
रॉकेलमध्ये चिमूटभर मीठ टाका. ज्योत स्वच्छ होते. आमच्या आजोबांचा उपाय, हमखास.

कंदीलवेडा
मीठ रॉकेलमध्ये विरघळत नाही. तळाशी जाऊन बसतं, तिथून ज्योतीपर्यंत कसं पोचणार?

रात्रपाळी
करून बघितलंय का तुम्ही? मी बघितलंय.

कंदीलवेडा
टाकीच्या तळातलं मीठ खरवडून काढलंय, ते पुरे आहे मला.

सोपा_उपाय
इतका त्रास कशाला? टाकीच्या तळाला भोक पाडा, वायर वर घ्या, एलईडी बल्ब बसवा. धूर नाही, खोकला नाही.

जुनी_काच
भोक पाडू नका! एकदा भोक पडलं की तो दिवा राहत नाही, बल्बचा स्टँड होतो. बल्ब लावायचाच असेल तर बर्नरच्या जागी फिरकीने बसणारा होल्डर मिळतो, टाकीला हात लावावा लागत नाही.

धागाकर्ते, ती चावी बर्नरला आहे की खालच्या फुलदाणीला? विचारतेय कारण रॉकेलच्या आधीच्या शोभेच्या दिव्यांत चावी वेगळ्याच कामाची असायची. तेव्हा मोहरीसारख्या दिसणाऱ्या रेप बियांचं किंवा देवमाशाचं तेल जाळत. ते घट्ट, वातीतून फार उंच चढत नाही. म्हणून आर्गां नावाच्या संशोधकाच्या पोकळ वातीच्या दिव्यात टाकी बाजूला, ज्योतीच्या पातळीला टांगलेली, आणि तिची सावली एका बाजूला पडायची. ही सावली घालवायला कार्सेलने १८०० मध्ये टाकी खाली नेली आणि घड्याळाच्या यंत्राने पंप चालवून तेल वर चढवलं. १८३७ मध्ये फ्रान्शोने तेच काम स्प्रिंग आणि दट्ट्यावर भागवलं, तो मॉडरेटर दिवा. तुमची चावी स्प्रिंगची असेल तर प्रकरण वेगळं.

अधीर_मन
बर्नरला आहे. स्प्रिंग वगैरे काही नाही. माझा प्रश्न धुराचा आहे!

इतिहासप्रेमी
रॉकेलचा दिवा आर्गांनेच शोधला ना? १७८० च्या सुमारास?

जुनी_काच
नाही. आर्गां जिनिव्हाचा. त्याचं श्रेय पोकळ गोल वातीचं: ज्योतीला आतून आणि बाहेरून अशी दोन्हीकडून हवा, भोवती काच. पण जळायचं ते वनस्पती तेल किंवा देवमाशाचं. रॉकेल नंतरचं. गेस्नरने १८४६ मध्ये कॅनडात ते काढून दाखवलं आणि केरोसीन हे नाव त्याचंच. दिवा १८५३ चा, ल्वूवचा (आता युक्रेनमधलं लविव) औषधविक्रेता लुकासिएविच याचा. त्याच वर्षी जुलैअखेर तिथल्या रुग्णालयात लागला. रॉकेल पातळ, वातीतून स्वतःच वर चढतं. मग पंप, स्प्रिंग सगळं गेलं आणि टाकी कुठल्याही फुलदाणीत लपवता यायला लागली. धागाकर्त्यांचा दिवा त्याच वंशातला दिसतोय.

कंदीलवेडा
माहिती छान, पण वात गोल की चपटी हे अजून कळलेलं नाही.

अधीर_मन
गोल. मधे पोकळ नळी आहे, वरून उघडी. आत डोकावलं तर खालपर्यंत अंधार.

कंदीलवेडा
हे पहिल्याच पोस्टमध्ये हवं होतं. दोन गोष्टी.

त्या नळीच्या तोंडावर टोपणासारखा, बारीक भोकं असलेला तुकडा असतो, फ्लेम स्प्रेडर. नळीतून वर येणारी हवा तो आडवी वळवून ज्योतीच्या आतल्या बाजूवर नेतो. तो नसेल तर हवा सरळ वर निघून जाते, ज्योत लांब, लाल आणि धुरकट होते. जुन्या दिव्यांतून हाच तुकडा सगळ्यात आधी हरवतो.

दुसरं, ती हवा तळाकडून येते. "खालपर्यंत अंधार" म्हणताय, तिथे उजेड दिसायला हवा. फुलदाणीच्या पायाशी भोकं असतात. ती मोकळी आहेत का?

अधीर_मन
तळाला फेल्ट चिकटवलंय. टेबलावर ओरखडे पडत होते. त्याचा धुराशी काय संबंध?

जुनी_काच
😄

कंदीलवेडा
पूर्ण संबंध. काढा आधी. आणि तेलाचं नाव सांगाल का, प्लीज?

अधीर_मन
लाल रंगाचं, वासाचं. बाटलीवर "धूरविरहित" लिहिलंय.

कंदीलवेडा
ते बहुधा पॅराफिनचं आहे. रॉकेलपेक्षा घट्ट, बारीक वातीला चालतं. एवढ्या मोठ्या गोल वातीत ज्योतीला लागेल तेवढं वर चढत नाही, मग तेलाऐवजी वातच जळते. शिवाय रंगाने वात तुंबते. टाकी रिकामी करा, वात पुन्हा बदला, साफ रॉकेल घाला. गोल वात कात्रीने कापू नका, जळका भाग बोटाने किंवा फडक्याने पुसून काढायचा.

रात्रपाळी
थोडं पेट्रोल मिसळलं तर पातळ होईल.

जुनी_काच
अजिबात नाही!! रॉकेलची वाफ पेटायला साधारण ३८ अंशांच्या वर तापमान लागतं, पेट्रोलची उणे ४० लाही पेटते. मिठापर्यंत ठीक होतं, हे मात्र संपादकांनी उडवावं.

उजेडप्रेमी
त्यापेक्षा मँटल लावा, म्हणजे ज्योतीवर तापून चमकणारी जाळी. वेल्सबाखने काढलेली, ९९ टक्के थोरियम ऑक्साइड, १ टक्का सेरियम. पांढराशुभ्र प्रकाश.

इतिहासप्रेमी
थोरियम किरणोत्सारी असतं ना? मुलं आहेत का घरात?

उजेडप्रेमी
किंचित. हल्ली बऱ्याच जाळ्या यिट्रियमच्या येतात.

कंदीलवेडा
मँटलला निळी ज्योत देणारा वेगळा बर्नर लागतो. या बर्नरवर जाळी ठेवली तर तीच काळी होईल. त्यांना नवा प्रश्न देऊ नका.

अधीर_मन
फेल्ट काढलं, रॉकेल घातलं, वात बदलली. धूर बराच कमी झाला. पण एका बाजूने ज्योत उंच उडते, आणि पेटवल्यावर थोड्या वेळाने आपोआप वाढते.

कंदीलवेडा
आपोआप वाढणं नेहमीचंच, बर्नर तापतो. सुरुवातीला वात खाली ठेवा, पाच-दहा मिनिटांनी हळूहळू वर घ्या. एका बाजूची उडी म्हणजे वातीची कड वाकडी असेल, ती बोटाने सारखी करा. बाकी स्प्रेडर मिळाल्याशिवाय पूर्ण सुधारणार नाही. नळीच्या तोंडाचा आतला व्यास मोजून टाका.

अधीर_मन
पट्टीने २६ मिमी दिसतोय.

कंदीलवेडा
पट्टी नको, व्हर्नियरने मोजा. थोडा जरी सैल आला तरी वाकडा बसतो.

सोपा_उपाय
बल्बला व्यास लागत नाही.