कॉलेजात गेल्यावर कळलेली आपली बोली

ज्या गावात आपण वाढलो तेथे सगळेच आपल्यासारखे बोलत असल्यामुळे, आपण कोणती तरी 'बोली' बोलतो हे बारावीपर्यंत कळायला काही कारणच नसते. ते कळते कॉलेजात, आणि बहुधा दुसऱ्याच्या एखाद्या प्रश्नातून. तो प्रश्न कोणी आणि कोठे विचारला, व त्यानंतर आपण काय केले, एवढे प्रत्येकाने लिहावे अशी विनंती आहे. मातीच्या अभिमानाचे वाक्य मात्र शक्यतो टाळावे. ते सर्वांनाच येते. सुरुवात माझ्यापासून करते.

साक्रीहून पुण्यात, १९९६

वसतिगृहासमोरच्या एसटीडी बूथमधून दर रविवारी रात्री गावच्या किराणा दुकानात फोन लावायचा, आईला बोलावून ठेवायला सांगायचे आणि दहा मिनिटांनी पुन्हा लावायचा, असा माझा क्रम होता. काचेच्या त्या खोक्यात लाल आकडे पुढे सरकत असताना मी घाईघाईने 'मी आठे बरी शे, तू काय करी ऱ्हायनी?' असे विचारत असे. एका रविवारी माझ्यामागे रांगेत उभी असलेली खोलीतली मैत्रीण मी बाहेर आल्यावर म्हणाली, 'तू गुजराती आहेस, हे कधी बोलली नाहीस!' तिच्या बोलण्यात कुचेष्टा अजिबात नव्हती, आणि म्हणूनच ते जास्त लागले. पुढच्या खेपेपासून मी आईशी पुस्तकी मराठीत बोलू लागले. तिने दोन आठवडे ऐकून घेतले आणि तिसऱ्या आठवड्यात विचारले, 'तू पाव्हनीसारखी काय बोली ऱ्हायनी?' मागे रांग आहे, असे मी सांगितले. पैसे वाढत होते, त्यामुळे तिनेही विषय वाढवला नाही.

पुढे एम.ए.ला असताना ग्रंथालयात ब्रिटिश काळात ग्रिअर्सनने केलेल्या भारतीय भाषांच्या सर्वेक्षणाचे खंड हाती आले. त्यात मराठीला सातवा खंड दिलेला आहे; खानदेशी, म्हणजेच आमची अहिराणी, मात्र तेथे नाही, ती १९०७ साली निघालेल्या नवव्या खंडाच्या तिसऱ्या भागात भिली भाषांच्या शेजारी बसवलेली आहे. अहिराणी म्हणजे आपल्या अशिक्षितपणामुळे बिघडलेली मराठी, असे मी तीन-चार वर्षे मनाशी धरून बसले होते, आणि येथे तर तिचे घराणेच वेगळे दाखवलेले होते. आमचे 'शे' आणि गुजरातीतले 'छे' शेजारी ठेवून पाहिले तेव्हा मैत्रिणीचा कान फारसा चुकला नव्हता हेही पटले. जनगणनाही खानदेशीची नोंद मराठीपासून वेगळी करते. २०११ मध्ये तो आकडा सुमारे १८ लाख ६० हजार होता. माझ्या मते खरा आकडा याहून बराच मोठा असणार, कारण आमच्या घरी आलेल्या प्रगणकाने न विचारताच 'मराठी' लिहिले आणि वडिलांनी त्याला चहा दिला.

लालबागहून, मुंबईतल्याच कॉलेजात

माझा अनुभव याच्या नेमका उलट आहे. मच्छिंद्र कांबळी यांनी मालवणी व्यावसायिक रंगभूमीवर गाजवली होती, त्यामुळे कॉलेजच्या एकांकिकेत 'माका', 'तुका' म्हणणारा गडी हवा असला की मला बोलावले जाई आणि मी प्रवेश केला की हशा ठरलेला असे. आपण मालवणी आहोत ही ओळख मला त्या टाळ्यांनीच दिली, असे म्हणायला हरकत नाही. दुसऱ्या वर्षी कणकवलीचा एक मुलगा आमच्या गटात आला. त्याने दोन तालमी शांतपणे पाहिल्या आणि चहाच्या वेळी मला बाजूला घेऊन म्हणाला, 'अरे, ही आमची मालवणी न्हय, ही नाटकातली.' मला भयंकर राग आला. मात्र त्या रात्री चाळीच्या गॅलरीत आजीचे शेजारणीशी चाललेले बोलणे मी प्रथमच लक्ष देऊन ऐकले, तेव्हा तिच्या तोंडी विनोद जवळजवळ नव्हताच. भाड्याची, औषधाची आणि गावच्या घराच्या वाटपाची चिंता होती. आजीसारखे मला बोलता येत नव्हते. त्या वर्षी मी प्रकाशयोजना सांभाळली.

अमरावतीहून

माझ्यावर हा प्रसंग आलाच नाही, कारण वसतिगृहाच्या खोलीत पाचपैकी आम्ही चौघे 'मले-तुले' म्हणणारे होतो. पाचवा कोल्हापूरचा होता, आणि दिवाळीपर्यंत तोच 'मी जाऊन राहिलो' म्हणू लागला होता.

फोंड्याहून

आमच्याकडे हा प्रश्न प्रवेश अर्जाच्या एका चौकटीत येतो. घरात आम्ही कोंकणी बोलतो, पण वर्तमानपत्र, आरती, भजन आणि आजोबांची पत्रे सारे मराठीत. गोव्याच्या १९८७ च्या राजभाषा कायद्याने कोंकणीला राजभाषा केले आणि मराठीच्या शासकीय वापराचीही सोय ठेवली. आमच्या घरातली व्यवस्था त्याहून काही वेगळी नव्हती. पदवीच्या अर्जात 'मातृभाषा' या शब्दापुढे मी कोंकणी लिहिले आणि वडील दोन दिवस गप्प राहिले. पदव्युत्तर शिक्षणासाठी पुण्यात आल्यावर 'तुमचे मराठी किती छान आहे' असे कौतुक ऐकावे लागले, तेव्हा मी मराठी लिहायला हवे होते की काय, असे वाटून गेले. मी अजून दोन्ही भाषा आलटून पालटून लिहिते, आणि त्यात मला काही चुकीचे वाटत नाही.

पुण्याच्या सदाशिव पेठेतून

मला माझ्या भाषेबद्दल कधीच कोणी काही विचारले नव्हते, आणि मीही ते गृहीत धरूनच चाललो होतो. राष्ट्रीय सेवा योजनेच्या सात दिवसांच्या शिबिरासाठी आम्ही वेल्हे तालुक्यातल्या एका गावात गेलो. शौचालयाची आवश्यकता समजावून सांगण्यासाठी घरोघरी फिरायचे होते. एका ओसरीवर मी पाठ केलेले सर्व मुद्दे नीट, स्वच्छ उच्चारांत सांगितले. नाचणी पाखडणाऱ्या आजींनी सूप खाली ठेवले, माझ्याकडे बराच वेळ पाहिले आणि विचारले, 'बाबा, बातम्या सांगतुयास व्हय?' शिबिर संपेपर्यंत गावातली पोरे मला 'बातम्या' म्हणूनच हाक मारत होती. ते नाव पुढे कॉलेजातही तीन वर्षे टिकले.