बाहेर जाणारा चेंडू हवेतच झेलला, तर गुण कोणाचा?

रविवारचा खेळाडू:
आमच्या सोसायटीच्या कोर्टवर आम्ही चौघे दर रविवारी टेनिसची दुहेरी खेळतो. गेल्या खेपेस मी बेसलाइनच्या (कोर्टच्या मागच्या रेषेच्या) चांगला दोन मीटर मागे उभा होतो. समोरून आलेला चेंडू स्पष्टपणे बाहेर चालला होता, म्हणून मी तो हातात झेलून ‘आउट’ म्हटले. प्रतिस्पर्ध्यांनी मात्र गुण त्यांचाच असल्याचा आग्रह धरला. त्याच गेममध्ये माझ्या जोडीदाराची दुसरी सर्व्हिस नेटला लागून योग्य चौकोनात पडली, तेव्हा पुन्हा एकच सर्व्हिस मिळते की दोन, यावरही बराच वाद झाला. जाणकारांनी कृपया खुलासा करावा.

नेटजवळचा:
पहिल्या वादात तुमचे प्रतिस्पर्धी बरोबर आहेत. चेंडू बाहेर गेला की नाही, हे तो जमिनीवर कुठे टेकला यावरून ठरते. तो टेकण्यापूर्वीच तुम्ही झेलला किंवा तो तुमच्या अंगाला लागला, तर तुम्ही कोर्टच्या बाहेर उभे असलात तरी गुण गमावता. सर्व्हिसच्या वेळी नेटजवळ उभ्या असलेल्या परतफेड करणाऱ्याच्या जोडीदाराला चेंडू टप्पा पडण्यापूर्वी लागला, तर ती सर्व्हिस कितीही भरकटलेली असली तरी गुण सर्व्हिस करणाऱ्यालाच मिळतो. याउलट तुम्ही झेललेला तो चेंडू टप्पा न पडता मागच्या कुंपणावर आदळला असता, तर गुण तुमचा झाला असता. थोडक्यात, अशा वेळी हात मागे घेऊन बाजूला होणे एवढेच तुमचे काम होते, आणि खरे सांगायचे तर तेच सर्वांत कठीण जाते.

दुसरी सर्व्हिस:
सर्व्हिसबद्दल सांगतो. दुसरी सर्व्हिस नेटला लागून योग्य चौकोनात पडली, तर फक्त दुसरीच पुन्हा करायची. पहिला फॉल्ट, म्हणजे आधी चुकलेली सर्व्हिस, कायम राहतो. मात्र दोन सर्व्हिसच्या दरम्यान किंवा रॅली (चेंडूची देवाणघेवाण) चालू असताना शेजारच्या कोर्टवरून चेंडू घरंगळत आल्यामुळे लेट (थांबवून पुन्हा खेळण्याचा निर्णय) द्यावा लागला, तर संपूर्ण गुण पुन्हा खेळतात, म्हणजे पहिली सर्व्हिसही परत मिळते. बहुधा या दोन नियमांची गल्लत झाल्यामुळेच तुमच्याकडे वाद झाला असावा. रॅलीत नेटला लागून पलीकडे पडलेला चेंडू मात्र वैध असतो. तिथे लेट नसतो.

रविवारचा खेळाडू:
आभारी आहे. मग रविवारचा तो गुण मी त्यांना देऊन टाकतो. आणखी एक शंका: स्मॅश मारल्यावर तोल जाऊन रॅकेट नेटला लागली, पण तोवर चेंडू पलीकडे एकदा पडला होता. अशा वेळी काय करावे?

नेटजवळचा:
पहिल्या टप्प्याने गुण संपत नाही. चेंडू दुसऱ्यांदा टेकण्यापूर्वी किंवा मागच्या कुंपणाला लागण्यापूर्वी तुमची रॅकेट, कपडे किंवा शरीर नेटला लागले, तर गुण तुमच्या हातून जातो. चेंडू आपल्या बाजूस असताना मारल्यावर रॅकेट नेटच्या वरून पलीकडे गेली, तर मात्र हरकत नाही, फक्त नेटला स्पर्श होता कामा नये.

दुसरी सर्व्हिस:
पंच नसताना आपल्या बाजूच्या रेषांचा निर्णय आपणच द्यायचा असतो. रेषेला जरासा टेकलेला चेंडूही आतच धरतात, आणि शंका असेल तर तो आत पडला असे मानून प्रतिस्पर्ध्याला लाभ द्यावा लागतो.