मामांच्या पायातला जोर गेला, आता हातही ढिले पडून राहिले, जीबीएस (गुलियन-बॅरे सिंड्रोम, नसांचा आजार) असेल का?

आमचे मामा चोपड्याकडे राहतात, केळीची शेती आहे. पंधरवड्यामागे जुलाब झाले, बरेही झाले, मग तळपायाला मुंग्या, नंतर जिना चढता येईना आणि आता जेवताना घास उचलायला त्रास होतोय. गावातले डॉक्टर म्हणे मणक्याची नस दबली, ताकदीचं इंजेक्शन दिलं. पुण्यात २०२५ च्या जानेवारीत जीबीएसचे पेशंट निघाले होते तसं तर नाही ना? कोणाला माहीत असेल तर सांगा, घरचे सगळे घाबरलेत.

केळीवाला भाचा

——

भाऊ, मी आयसीयूत नर्स आहे. दोन्ही पायांपासून वर चढत जाणारी कमजोरी आणि त्याच्याआधी जुलाब, हे ऐकून उद्यावर ढकलू नका, आजच न्यूरोलॉजिस्ट आणि व्हेंटिलेटर असलेल्या ठिकाणी न्या. डॉक्टर गुडघ्यावर हातोडी मारून बघतील, जीबीएसमध्ये पाय बहुतेक उडतच नाही. मग एनसीव्ही (नसांमधून करंट किती वेगाने जातो ती तपासणी) आणि पाठीतलं पाणी काढून तपासतात, त्यात प्रोटीन वाढलेलं आणि पेशी जवळपास नॉर्मल असतात. पण पहिल्या आठवड्यात दोन्ही रिपोर्ट नॉर्मल येऊ शकतात, म्हणून रिपोर्ट चांगला आला म्हणून पेशंट घरी आणायचा नाही. आत्ता एका दमात आकडे मोजायला लावा, २० पर्यंतही पोचेनात किंवा पाणी गिळताना ठसका लागत असेल तर १०८ बोलवा.

धुळ्याची ताई

——

ताईंचं बरोबर आहे, पण आपल्याकडे अजून दोन गोष्टी डॉक्टरांना सांगायच्याच, कपाशीवर फवारणी केली होती का, आणि रात्री जमिनीवर झोपले होते का. मण्यार चावली तर दाताच्या खुणा दिसतही नाहीत, पण तिच्यात आधी पापण्या पडतात आणि सगळं काही तासांत होतं. पोटॅशियम कमी झालं तरी हातपाय गळतात, ते साध्या रक्ततपासणीत कळतं. लघवी अडली असेल किंवा छाती-पोटाखाली एका रेषेपासून बधिर वाटत असेल तर मणक्याचा एमआरआय लगेच.

यावलकर

——

माझ्या काकूला हाच आजार झाला होता. आयव्हीआयजी (शिरेतून द्यायच्या अँटिबॉडीज) ५ दिवस दिलं, नाहीतर प्लाझ्मा बदलतात, दोन्हीतलं जे द्यायचं ते लवकर सुरू केलेलं बरं. स्टिरॉइडच्या गोळ्यांनी यात फायदा होत नाही, कोणी देत असेल तर विचारा. औषध फार महाग आहे भो, फुले योजनेत बसतं का ते दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला भरतीच्या वेळीच विचारा, रेशन कार्ड आणि आधार सोबत घ्या.

पारोळ्याचा नाना

——

मामा १५ पर्यंतच मोजू शकले. गाडी बोलावली, जळगावला नेतोय.

केळीवाला भाचा

——

वाटेत दम वाढला तर डोक्याकडची बाजू उंच ठेवा, तोंडातून पाणी-चहा काही देऊ नका. गेल्या गेल्या सांगा, जुलाब कधी झाले आणि कमजोरी कधीपासून, तारखेसकट.

धुळ्याची ताई