काळ्या-पांढऱ्या पॅटर्नवर शीर्षक हरवतंय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

एका वहीचं कव्हर करतेय. अट एकच: फक्त काळा आणि पांढरा, करडासुद्धा नको. तिरक्या पट्ट्यांची एक चौकोनी टाइल काढली आणि तीच ९०-९० अंशांत फिरवत पानभर मांडली. नुसता पॅटर्न झकास दिसतो. घोडं अडलंय ते पुढे.

शीर्षक टाकलं की गायब! पट्ट्या आणि अक्षरांचे दंड जवळजवळ सारख्याच जाडीचे आहेत, त्यामुळे काना कुठला आणि पट्टी कुठली तेच कळत नाही. रफारांबद्दल तर बोलायलाच नको. मागे पांढरा चौकोन ठेवून पाहिला, तर बाटलीवर लेबल डकवल्यासारखं दिसतंय. (ब्रिटिश चित्रकार ब्रिजेट रायलींनी १९६१ मध्ये नुसत्या काळ्या-पांढऱ्या चौकोनांनी बघणाऱ्यांचे डोळे फिरवले, पण त्यांना वर शीर्षक लिहायचं नव्हतं!)

शिवाय पीडीएफमध्ये टाइलच्या जोडांवर केसाएवढ्या पांढऱ्या रेषा दिसतात. त्या छापून येतील का?

प्रतिसाद:
रेषांचं आधी. झूम केल्यावरही त्या तेवढ्याच बारीक राहत असतील, तर तो स्क्रीनचा खेळ आहे, छपाईत सहसा येत नाहीत. तरी सगळे काळे आकार एकत्र जोडून एकच आकार करा. पांढऱ्याला वेगळा आकार नकोच, कागद पांढराच आहे.

शीर्षकासाठी वरून चौकोन ठेवू नका, पॅटर्नच तिथे थांबवा. टाइलच्या दोन ओळी पूर्ण काळ्या भरा आणि त्यावर पांढरं शीर्षक. कडा टाइलच्या रेषेवरच पडते, म्हणून डकवल्यासारखी वाटत नाही. अक्षर पट्टीच्या निदान दुप्पट जाड घ्या, बारीक पांढरे भाग शाईने बुजतात. आणि काळा फक्त 'के १००' ठेवा, म्हणजे नुसती काळी शाई, शंभर टक्के. चार शाईंचा काळा जरा सरकला तर अक्षरांना रंगीत झालर येते.

धागाकर्ती:
जोडलं, रेषा गेल्या! काळ्या ओळीही जमल्या. मूळ आकारात प्रिंट काढून भिंतीला लावली, शीर्षक चार पावलांवरून वाचता येतंय. आता पांढऱ्या पट्ट्या काळ्यांपेक्षा जाड वाटतायत, मापाने अगदी सारख्या असून.

प्रतिसाद:
तो नजरेचा दोष, पांढरं नेहमी पसरट दिसतं. मोजपट्टी बाजूला ठेवा आणि पांढऱ्या पट्ट्या किंचित बारीक करा.