फुगलेली बॅटरी ठेवायची कुठं? कंपनीची जबाबदारी की आपली?

खानापूरकर
मोबाइल विकायला कंपन्यांची माणसं खेड्यापाड्यात पोचतात. तोच मोबाइल मेला की मात्र कुणी वाली नसतो. बेळगाव जिल्ह्यात खानापूर, चिकोडी, अथणीकडं फुगलेली बॅटरी द्यायची म्हटली की दुकानदार म्हणतो "तुमची तुम्ही न्या", भंगारवाल्याला फक्त आतला सर्किट बोर्ड हवा असतो. बेळगावात ती घंटागाडीतून थेट तुरमुरीच्या कचरा डेपोला जाते. गाडीत कचरा दाबताना बॅटरी चेपली तर आतले थर एकमेकांना टेकतात आणि पेट घेतात.
1 एप्रिल 2023 पासून ई-कचऱ्याचे नवे नियम आहेत. पहिली दोन वर्षं 60 टक्के, पुढची दोन 70, मग 80 टक्के, असं कंपन्यांना ई-कचरा रिसायकल करण्याचं लक्ष्य दिलंय. पण कंपनीला स्वतः एकही मोबाइल गोळा करावा लागत नाही. देशात कुठल्याही नोंदणीकृत रिसायकलरकडून तेवढा माल रिसायकल केल्याचं प्रमाणपत्र घेतलं की झालं. म्हणून माझं म्हणणं एवढंच, की प्रत्येक तालुक्याच्या गावी कंपनीच्या खर्चानं एक पेटी हवी. पाटी कन्नड आणि मराठी दोन्हीत हवी.

दुरुस्तीवाला, निपाणी
पेटीला माझा ठाम विरोध. चांगल्या, फुगलेल्या, चिरडलेल्या बॅटऱ्या एकाच डब्यात पडल्या, त्यात कुणी चाव्यांचा जुडगा टाकला, तर बसस्टँडवर बॉम्बच ठेवला म्हणायचा. लोक डबा बघून काहीही टाकतात.
फुगलेली बॅटरी काढणं हे आधी कारागिराचं काम आहे. मोबाइल बंद करायचा, बॅटरीचा कनेक्टर सगळ्यात आधी सोडवायचा. हीट गन बॅटरीजवळ न्यायचीच नाही. कडेनं 99 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलचे थेंब सोडायचे, दोन-तीन मिनिटं गोंद ढिला होऊ द्यायचा, मग प्लास्टिकचं कार्ड सरकवायचं. इथं पोरं स्क्रू ड्रायव्हर घालतात, बॅटरीची बाहेरची पिशवी फाटते आणि धूर येतो. निघाली की कनेक्टरवर पिवळी कॅप्टॉन टेप (उष्णता झेलणारी, वीज न वाहणारी) लावायची आणि कोरड्या वाळूच्या पत्र्याच्या डब्यात, एकीला दुसरी लागू न देता ठेवायची. गॅस जावा म्हणून टाचणी टोचणाऱ्याला तर दुकानात उभं करू नये.
मूळ रोग वेगळाच आहे. बॅटरी चिकटवून टाकायची, मूळ पार्ट बाजारात द्यायचा नाही, मग गिऱ्हाईक स्वस्तातली डुप्लिकेट घालतं आणि ती लवकर फुगते. युरोपात 20 जून 2025 पासून विक्री थांबल्यावरही सात वर्षं सुटे भाग देणं बंधनकारक झालंय. तेच इथं मागा.

उद्यमबाग
खानापूरकर, तुमच्यात एक दुरुस्ती. सुटी बॅटरी ई-कचऱ्याच्या नियमात येत नाही. तिच्यासाठी ऑगस्ट 2022 चे वेगळे नियम आहेत. ई-कचऱ्यात प्रमाणपत्र मिळतं ते सोनं, तांबं, लोखंड, अ‍ॅल्युमिनियम या चार धातूंवर. भंगारवाला बोर्ड मागतो आणि बॅटरी नाकारतो, त्यामागं हाच हिशोब आहे. मोबाइलच्या बहुतेक बॅटऱ्यांत लिथियम कोबाल्ट ऑक्साइड असतं, त्या ऑक्साइडमध्ये वजनानं 60 टक्के कोबाल्ट. पण एक बॅटरी साठ-सत्तर ग्रॅमची. वीस गोळा केल्या तरी सव्वा किलो. त्यासाठी कारखान्यापर्यंत गाडी कोण पाठवणार? फुगलेली तर कुरियरवालाही घेत नाही, तो धोकादायक माल.
म्हणून भंगारवाल्याला हाकलू नका, त्यालाच नोंदणीत आणा. वजनावर पैसे मिळाले तर तो गल्लीगल्लीतून आणून देईल. नाहीतर बोर्ड तो अ‍ॅसिडमध्ये सोन्यासाठी उकळणाऱ्यांना विकणार आणि ते पाणी नाल्यात जाणार. कंपनीला दोष देऊन हे थांबत नाही.

शहापूर
उद्यमबाग, भंगारवाल्यावर सगळं सोडायचं म्हणता, मग किंमत कमी झाली की तो बॅटरी फेकून देणार, ते कुणाच्या माथी? खर्च कंपनीचाच हवा. 2016 च्या नियमांत अनामत रक्कम परत देण्याची सोय होती, तीच सक्तीची करा. विकताना 200 रुपये घ्या, मोबाइल परत आणला की द्या. पैसे अडकले की लोक कपाटातून जुने मोबाइल बाहेर काढतील.
कितीतरी मोबाइल कपाटात पडून आहेत ते फोटो-पासवर्डच्या भीतीनं. सोपं आहे ओ: आधी गूगल खातं काढून टाका, मग फॅक्टरी रीसेट. खातं न काढता रीसेट केलात तर पुढच्याला जुना पासवर्ड मागू शकतो आणि चालता मोबाइल भंगारात जातो.

दुरुस्तीवाला, निपाणी
अनामत चालेल, पण सीमेचं काय? निपाणीची माणसं कोल्हापूरला मोबाइल घेतात, चंदगडची बेळगावात. पैसे परत कुणी द्यायचे?

शहापूर
कंपनीनं. तिची नोंदणी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडं असते, राज्याचा प्रश्नच येत नाही. प्रत्येक मोबाइलचा स्वतःचा नंबर, आयएमईआय, *#06# दाबला की दिसतो, त्यावरून अनामत कुठंही परत देता येईल.

खानापूरकर
निपाणीकरांचं पेटीबद्दलचं म्हणणं पटलं. उघडी पेटी नको. तालुक्याला एक दुरुस्तीचं दुकान ठरवा, तिथं वाळूचे दोन डबे ठेवा, एक फुगलेल्यांचा, एक बाकीच्यांचा. टेप आपल्या डोळ्यांदेखत लावून घ्यायची आणि पावती न्यायची. महिन्यातून एकदा कंपनीची गाडी यावी. उद्यमबाग, सव्वा किलोसाठी गाडी परवडत नाही हे मान्य, पण तीच गाडी नवे मोबाइल भरून येते आणि रिकामी परत जाते.

उद्यमबाग
ती गाडी वितरकाची असते, आणि धोकादायक माल न्यायला वेगळी व्यवस्था लागते. तो खर्च कंपनीनं उचलायचा असं लिहून घ्या, मग मी तुमच्या बाजूनं.